कावळ्यासमोर दिलेला शब्द

अनिमेषला मिळणार होतं ते एवढंच: पहिल्या खेळाआधी पडद्यासमोर पाच मिनिटं, ‘निहाल ९’ लिहिलेली काळी टोपी आणि मुंबईहून खुद्द नायकाचा व्हिडिओ कॉल. रोख छदाम नाही. एवढ्यासाठी माणूस सख्ख्या चुलत्याचा दहावा विकतो हे चेतनाला पटायला चार दिवस लागले. आपल्या चुलत भावाची किंमत तिनं आजवर जरा जास्तच लावली होती.

एजंट निहालच्या गुप्तहेरपटांना चोवीस वर्षं झाली होती. नवव्या भागासाठी चित्रपटवाल्यांनी स्पर्धा काढली: प्रत्येक शहरातून एका चाहत्याची काळजाला हात घालणारी गोष्ट. सोलापुरातून अनिमेषचा व्हिडिओ निवडला गेला. त्यात तळ्याचा काठ होता, पत्रावळीवर पिंड होते, ओलेत्या कपड्यांत हात जोडून बसलेली चेतना होती आणि बाभळीवरून खाली उतरणारा कावळा होता. खाली अक्षरं यायची, ‘अण्णांची शेवटची इच्छा: निहाल परत यावा. लेकीनं शब्द दिला आणि कावळा शिवला.’ मागे बासरी. अक्षरं वाचून चेतनाचं डोकं फिरलं.

कारण तिनं दिलेला शब्द नेमका याच्या उलट होता.

अण्णा म्हणजे चेतनाचे वडील, शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. निहालचा पहिला भाग त्यांनी तिला खांद्यावर बसवून नव्हे, पण शाळेला दांडी मारायला लावून दाखवला होता, आणि दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवायला त्याच दिवशी शिकवलं होतं. दोन वर्षांपूर्वी आठव्या भागात निहालनं सीमेवरचा पूल उडवला, स्वतःसकट. अण्णा थिएटरच्या पायरीवर बसून रडले आणि म्हणाले, “शेवटी एकदाचे खरं बोलले.”

तिथून भांडण सुरू झालं. बाळीवेशीत रेवणप्पांचं पत्रावळ्या-द्रोणांचं दुकान आहे. दर रविवारी सकाळी निहालचे आठ-दहा भक्त तिथल्या गठ्ठ्यांवर बसून चहा पितात. पण बोलायचे दोघंच, रेवणप्पा आणि अण्णा.

“बॉडी दाखवली का?” रेवणप्पा विचारायचे. “न्हाय की. बॉडी न्हाय म्हंजे मेला न्हाय. लई साधं हाय.”

“रेवण, पूल उडाला. हा पुलावर होता. तुला काय पंचनामा हवाय?”

“व्हय, पायजे.”

“बावीस वर्षं हा गोळ्या चुकवतोय. ज्याला मरणच नाही त्याच्या धाडसाचं कौतुक काय करायचं, घंटा? पहिल्यांदा त्यांनी माणसासारखा वागवलाय त्याला, तर तुझ्या पोटात दुखतंय.”

“दुखणारच की. मी त्यो मरावा म्हणून तिकीट काढलंय व्हय?”

बाकीचे कधी इकडून हसत, कधी तिकडून. अनिमेष रेवणप्पांच्या बाजूचा. निहाल मेलाच असेल तर त्याच्या नावानं सोशल मीडियावर चालवलेल्या आपल्या पानावर रोज टाकायचं काय, हा त्याचा प्रश्न होता.

मग अण्णांच्या यकृतानं दगा दिला. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात त्यांनी चेतनाचं मनगट धरून सांगितलं, “नववा काढतील बघ. परत आणतील त्याला, हलकट लेकाचे. आणू देऊ नकोस.” जणू मुंबईत तिच्या शब्दावाचून सगळं अडलं होतं.

अण्णांना मुलगा नव्हता. दहाव्याला यज्ञेश्वर गुरुजींनी चेतनालाच पिंड द्यायला बसवलं. पिंड मांडून झाले, सगळे मागे सरले आणि कावळा शिवेना. बाभळीवर चार बसलेले होते, चारही दुसरीकडे बघत. असा वेळ गेला की मेलेल्या माणसाचं काय राहिलंय ते ओळखायचं आणि मोठ्यानं शब्द द्यायचा, ही रीत. चेतनानं सुरुवात केली.

“अण्णा, तुमची सायकल विकणार नाही.”

कावळ्यानं पंख चोचीनं खाजवला.

“तुमची पुस्तकं वाचनालयाला देईन.”

काहीच नाही. मागून काकू म्हणाली, “लग्न करीन म्हण!” चेतनानं चाळिसाव्या वर्षी तेही म्हणून टाकलं. एक कावळा चक्क उडून गेला. रेवणप्पांना त्या दुःखातही हसू फुटलं.

पाऊण तास झाला. दर्भाचा कावळा करून उरकावं, असं गुरुजी पुटपुटायला लागले. तेव्हा चेतनाला मनगटावरची पकड आठवली. ती उभी राहिली आणि ओरडली, “अण्णा, निहाल मेलेलाच राहील! कुणी आणला तरी मी मानणार नाही!”

कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला शिवला.

ते ऐकणारी माणसं चार: ती, गुरुजी, रेवणप्पा आणि मोबाईल धरून उभा असलेला अनिमेष. काकूला ऐकू कमी येतं. मोबाईलमध्ये वारा तेवढा घोंगावत होता.

व्हिडिओ बघितल्यावर चेतनानं आधी अनिमेषला गाठलं.

“ताई, तू भावना बघ ना,” तो म्हणाला. “अण्णांचं नाव कुठं पोचलंय! साडेतीन लाख लोकांनी बघितलाय.”

“मी काय बोलले होते?”

“ते असं होतं की... निहाल मेलेला राहू दे, असं लिहिलं तर ते नवव्या भागाच्या स्पर्धेत घेतील का? तूच सांग.”

आपण खोटं बोलतोय असंही त्याला वाटत नव्हतं. शब्द स्पर्धेच्या रकान्यात बसत नव्हता, म्हणून अर्जात बापाचं नाव बदलावं तसा त्यानं तो बदलला होता. त्याच्या हातचा चहा पुढं आला, तो चेतनाला घेववला नाही.

मग गुरुजी. ते ओटीवर फोनवरच होते. व्हिडिओ पसरल्यापासून त्यांना दूरदूरहून बोलावणी येत होती. ज्यांच्याकडं कावळा हमखास शिवतो ते गुरुजी म्हणून.

“गुरुजी, तुम्ही ऐकलंत ना मी काय म्हणाले ते?”

“अगं, वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही.”

“मी ओरडले होते.”

गुरुजींनी पंच्याची घडी नीट केली. “चेतना, मुलीला पिंड द्यायला बसवलं म्हणून चार घरं मला तोंडावर बोलली. मी तुला कधी बोलून दाखवलं? मग तूही आता थोडं सोस.”

म्हणजे उपकार होता तो, आणि वसुलीची तारीख आजची होती. चेतना नमस्कार न करता उठली. असं ती आयुष्यात पहिल्यांदा उठली.

राहिले रेवणप्पा. ते द्रोण मोजून गठ्ठा बांधत होते. तिला बघून मोजदाद चुकले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

“काका, अण्णा तुमच्या बाजूला आले का मेल्यावर?”

“तसं न्हाय, पोरी.”

“मग कसं? दोन वर्षांत जिंकता आलं नाही, आता समोरचा बोलत नाही तर जिंकून घेतलंत?”

“...अडुसष्ट, एकोणसत्तर...” रेवणप्पा मोजत राहिले. मान वर केली नाही. त्यांच्या बोटांकडे बघून चेतनाला किळस आली. याच बोटांनी त्यांनी अण्णांच्या पिंडाची पत्रावळ निवडून दिली होती, एकही पान फाटकं नसलेली.

शुक्रवारी सकाळी नऊचा खेळ. थिएटरच्या दारात निहालचं दोन मजली चित्र, त्याला हार, ढोल, आणि दुधाच्या पिशव्या दातांनी फोडणारी माणसं. चेतना गेली. तिथं अण्णांचं नाव निघणार होतं आणि ते खोट्यानं निघताना कुणीतरी अडवायला हवं होतं.

दिवे मालवले. पडद्यावर तळं आलं, बासरी आली, कावळा आला. चेतनानं आपलंच तोंड पडद्यावर वीस फुटी पसरलेलं पाहिलं. ओठ हलत होते आणि त्यांच्या खाली दुसऱ्याचे शब्द होते. कावळा शिवला तशी पब्लिक बाकांवर चढली. “अण्णा! अण्णा! अण्णा!” अनिमेष टोपी घालून पुढं उभा. त्याचे डोळे खरोखर भरले होते.

“ताई, वर ये!”

ती गेली आणि माईक घेतला. “अण्णांनी हे मागितलं नव्हतं,” ती म्हणाली. “मी शब्द दिला होता की निहाल मेलेलाच राहील. म्हणून कावळा शिवला. खाली लिहिलंय ते खोटं आहे.”

बाकांवर चढलेले खाली बसले. आता काहीतरी होईल असं तिला वाटलं.

“ओ बाई, गोष्ट नका ना फोडू!” मागून कुणीतरी कळवळून ओरडलं.

सगळं थिएटर हसलं. “पिक्चर लावा!” शिट्ट्या सुरू झाल्या. अनिमेषनं हळूच माईक काढून घेतला आणि मान तिरकी करून पब्लिकला हात जोडले; बिचारी दुःखात आहे, सांभाळून घ्या. त्यालाही टाळ्या पडल्या.

बाहेर जावं म्हणून ती निघाली तर रांगेत रेवणप्पा बसलेले, पाय आडवे. त्यांनी पाय काढले नाहीत. “बस,” एवढंच म्हणाले. ती बसली.

निहाल वाचला कसा, याचं उत्तर मध्यंतराच्या जरा आधी आलं. पुलावर मेला तो निहाल नव्हताच. निहालचा मुखवटा चढवलेला एक हवालदार होता. त्याचं नाव कुणी घेतलं नाही, घर दाखवलं नाही. पडद्यावर एका वाक्यात त्याला संपवलं आणि थिएटरातले सगळे बाकांवर पुढं सरकले. चोवीस वर्षांत अण्णांना पटलेली एकच गोष्ट त्या एका वाक्यात पुसली गेली. इतका स्वस्त, इतका आळशी माल.

आणि तेवढ्यात काळ्या पाण्यातून हात वर आला, मग मनगटावरचं ते जुनं घड्याळ, मग निहालचं हसू. दणका देऊन पहिल्या भागातली धून वाजली.

शिट्टी वाजली. लांब, धारदार, दोन बोटांची. आजूबाजूचे वळून बघायला लागले तेव्हा चेतनाला कळलं की बोटं तिच्याच तोंडात आहेत.

तिनं ती काढली आणि साडीला पुसली, शेणात गेल्यासारखी. पुन्हा पुसली.

मध्यंतराचे दिवे लागले. शेजारी रेवणप्पा रडत होते, पण निहालसाठी नसावं.

“अण्णा असता तर लई शिव्या दिल्या असत्या,” ते म्हणाले.

“कुणाला?”

“पयल्यांदा मला. मग तुला.” त्यांनी नाक शिंकरलं. “मी जिंकलो, चेतना. म्हटलं, त्यो माझ्या बाजूला आला तर बरं वाटंल. आता रविवारी भांडायचं कुणासंगं? सगळी दुकानात बसत्यात आन् व्हय व्हय म्हणत्यात.”

“मग खरं का नाही सांगितलंत?”

“आता सांगतो की.”

“आता कुणाला सांगता?” चेतना म्हणाली. समोसेवाला आला, त्यांनी दोन घेतले, एक तिच्यापुढं धरला. तिनं मान हलवली. ते दोन्ही हातात धरून बसून राहिले.

उरलेला सिनेमा तिनं पाहिला नाही. बाहेर चित्रावरचं दूध उन्हानं नासलं होतं, माशा बसल्या होत्या आणि अनिमेष त्याच चित्राखाली टोपी सरळ करून घेत होता. नायकाचा कॉल चाळीस सेकंद चालला. त्यात नायकानं अण्णांना ‘अप्पा’ म्हटलं.

अनिमेषला टोपी मिळाली. गुरुजींना पुढच्या दोन महिन्यांची बोलावणी मिळाली. रेवणप्पांना दोन वर्षं हवी होती ती बाजू मिळाली, आणि चेतनाला तिच्या शब्दाची किंमत कळली, एक शिट्टी. पैसे वसूल, असं म्हणत पब्लिक घरी गेली. भरलं दोघांनी: नाव नसलेल्या त्या हवालदारानं जीव, आणि अण्णांनी त्यांना मिळालेला शब्द.