चार इंची पाईपातला देवाजी

देवाजी मेश्राम पाईपात गेला त्याला तीन दिवस झाले होते, आणि पंप उलटा फिरवायची परवानगी अजून आली नव्हती. पाईप चार इंची, देवाजी साडेपाच फुटी. पुठ्ठ्याच्या कारखान्यात कोणाला याचं नवल वाटलं नाही. बॉयलरला फर्नेस ऑइल मिळतंय ना, मग झालं.

त्या दिवशी देवाजी पंपाअलीकडच्या गाळणीच्या भांड्यात हात घालून जाळी साफ करत होता, तेव्हा वरच्या ऑफिसातून मॅनेजर साल्पेकर साहेबांचा फोन आला. "पंप चालू करा."

"माणूस आत आहे साहेब," पंपचालक वामन गेडाम म्हणाला.

"मग त्याला लवकर आटपायला सांगा," साहेब म्हणाले, आणि त्यांनी वरच्या बटणानं पंप स्वतःच चालू केला. उंटावरून शेळ्या हाकणारे शहाणे काय कमी असतात! पंपात दोन गिअर, दातात दात अडकलेले. तेल त्यांच्या मधून जात नाही, दातांच्या खोबणीत बसून कडेकडेनं पलीकडे पोचतं. देवाजी तसाच बसला आणि तसाच पोचला.

आता तो दर पाळीला वीस फूट पुढे सरकत होता. पाईपाच्या शेवटी बर्नर होता आणि बर्नरच्या पुढे आग. वामन पान्यानं पाईप ठोकत चाले.

"देवाजी?"

"इथंच आहो. लय गरम होऊन राह्यलं बे इकडं."

पंप नुसता थांबवून भागणार नव्हतं. थंडीत ते तेल डांबरासारखं घट्ट होतं, देवाजी आतच थिजला असता. पण मोटरच्या तीन तारांपैकी दोन अदलाबदल केल्या की गिअर उलटे फिरतात आणि गेलेलं तेल परत येतं. दहा मिनिटांचं काम. साहेबांनी त्यासाठी हेड ऑफिसला अर्ज पाठवला होता. तिसऱ्या दिवशी हेड ऑफिसनं देवाजीसाठी नवे गमबूट धाडले. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

त्या सकाळी वामनला देवाजी बर्नरपासून बारा फुटांवर सापडला. तो आता बोलत नव्हता, नुसता धापा टाकत होता. वामननं फोन लावला.

"धीर धरा गेडाम," साहेब म्हणाले. "नियम सगळ्यांसाठीच असतात."

वामनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं फोन आपटला, स्विच पाडला, दोन तारा बदलल्या आणि स्विच चढवला. उलट्या फिरतीत जास्तीचा दाब सोडणारी झडप कामाची नसते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तेलाची वाट कुठं अडली, तर पंपच फुटतो. फुटू दे, असं तो मोठ्यानं म्हणाला. बर्नरच्या बारीक तोंडामुळं जाताना तेल मुंगीच्या पावलानं गेलं होतं; येताना ते धावू लागलं.

थोड्याच वेळात फोन वाजला. "गेडाम, मी बॉयलरपाशी उभा आहे. आग का विझली? आणि हे पाईपाचं तोंड मला..." पुढं फोनमध्ये नुसतं तेलाचं गुळगुळणं ऐकू आलं.

घंटाभरानं गाळणीचं भांडं उतू गेलं, आणि तेलातून एक हात वर आला. वामननं मनगट धरलं. खांदा निघाला, डोकं निघालं, मग कंबर. देवाजी खोकला.

"ओढ ना बे."

"ओढून तर राह्यलो."

"नाही येत. मांगून कोणीतरी पाय धरला."

"गेडाम," पाईपातून आवाज आला, "आधी मला बाहेर घ्या. मला मीटिंग आहे."

वामननं देवाजीला डाव्या हातानं कवटाळलं आणि उजव्या हातानं भांड्यामागच्या व्हॉल्व्हचं चाक एक फेरा आवळलं. पंप घरघरला. देवाजीचा एक पाय सुटून बाहेर आला. दुसरा घोट्यापासून आतच होता, व्हॉल्व्हच्या बरोबर तोंडात.

"गेडाम, मी नाव लिहून घेतो आहे," साहेब म्हणाले.

पाईप पुरता बंद व्हायला चाकाचे चार फेरे उरले होते. वामननं देवाजीच्या तोंडाकडे पाहिलं. देवाजीनं एकदा आपल्या पायाकडे पाहिलं, तेल थुंकलं आणि म्हणाला, "फिरव."