न लागलेलं विरजण

१९५४ सालच्या मे महिन्यात, पश्चिम जटलंडमधल्या एका गावच्या सहकारी डेअरीत, सकाळी साडेनऊला विरजण सांभाळणाऱ्या थिराने दुधाचा आंबटपणा पुन्हा मोजला. आकडा पंचवीसच. विरजण घातल्यापासून दर अर्ध्या तासाला ती मोजत होती. वीस, बावीस, पंचवीस. मग पंचवीस, पंचवीस. विरजण लागतच नव्हतं.

"चार हजार लिटर डुकरांच्या घशात!" व्यवस्थापक एस्किल ओरडला. "हे लाउरिड्सचंच काम. गाईची कास सुजली म्हणून पेनिसिलिन टोचलंय त्याने, आणि तेच दूध इथे घातलंय."

थिराने आकडा वहीत लिहिला. दुधात औषध असतं तर आकडा पहिल्यापासूनच अडला असता. हा तासभर छान चढला आणि मग मेला. म्हणजे रोग विरजणातच होता. चीज गाळून उरलेल्या पाण्यात विरजणाचे जंतू मारणारा विषाणू असतो, त्याने ओल्या झालेल्या कपड्यांनी विरजणाच्या खोलीत जायचं नाही, हे तिला डेअरीच्या शाळेतच शिकवलेलं. पण शनिवारी आईला झटका आल्याचा निरोप आला, तेव्हा ती त्या पाण्याने भिजलेल्या एप्रननेच आत शिरली आणि विरजण कसंबसं ढवळून घरी धावली होती.

दुपारी लाउरिड्स बरणी घेऊन तिच्या दारात उभा.

"पोरी, त्या गाईचं दूध मी वासरांना पाजतोय गं. एस्किल म्हणतो, गाय साक्षीला येणार का? उद्याच्या सभेत मला डेअरीतून काढतायत. हे आज सकाळी डेअरीला घातलं त्यातलंच दूध, मागे ठेवलेलं. तू विरजण लावून बघ, औषध असेल तर लागणार नाही. तुझा शब्द मानतात सगळे."

"बघते, काका."

"आणि लागलं तर सगळं संपवू नकोस, मला वाटीभर ठेव." तो हसला. बरणी त्याने तिच्या हातात दिली.

तिने घरचं ताक लावलं. संध्याकाळी दूध घट्ट लागलेलं, चमचा उभा राहील असं. आतल्या खोलीत आई लुळ्या अंगाने पडून हाका मारत होती. घरात कमावणारी थिरा एकटी. तिने बरणी नळाखाली रिकामी केली.

सभेत तिला विचारलं.

"नाही लागलं," ती म्हणाली.

लाउरिड्सने टोपी डोक्यावर घातली. "मग बादल्यांत माझाच काही घोळ झाला असेल," तो म्हणाला.

शरदात त्याने अकराही गाई विकल्या. एस्बियर्ग बंदरात मासळीच्या कारखान्यात कामाला लागला आणि तिथेच तिसऱ्या वर्षी गेला. थिराची आई त्याच हिवाळ्यात वारली. एस्किल सत्कार घेऊन निवृत्त झाला. पुढे डेअरीही बंद पडली.

लाउरिड्सची बायको मात्र खूप जगली. दर नाताळला थिराला तिचं कार्ड यायचं. मजकूर दरवर्षी तोच: "तू विरजण लावून तरी पाहिलंस."