डावीकडची शिवण

माझं काम मापाचं. एकोणीस वर्षं बायकांचे कपडे शिवतेय. त्यामुळे एक गोष्ट मला डॉक्टरांच्या आधीपासून ठाऊक आहे, की कुठल्याही बाईच्या दोन बाजू सारख्या नसतात. आरशासमोर उभी राहून एखादी हळूच म्हणते, "माझी ही बाजू जरा..." मी टेप गळ्यात टाकते आणि सांगते, "अहो, सगळ्यांचंच असतं. आपण कापडाला समजावू, कापड ऐकतं." मग ती हसते, आणि तिचे वर ओढून धरलेले खांदे खाली येतात.

माझं स्वतःचं मात्र "जरा" नव्हतं. डावी बाजू उजवीच्या निम्मीसुद्धा नव्हती. सोळाव्या वर्षापासून मी माझ्या प्रत्येक कपड्याला डावीकडे आतून कापसाची गादी शिवत आलेय. नवऱ्याला लग्नानंतर कळलं, तेव्हा तो काहीच बोलला नाही. चांगल्या मनाने बोलला नाही की नाराजीने, याचा मी चौदा वर्षं विचार केला. त्याला विचारलं नाही ते नाहीच. तोही असा, की घरातला पंखा बिघडला तरी आधी चार दिवस त्याच्याकडे नुसता बघतो, आणि धंद्याने इलेक्ट्रिशियन आहे.

शेवटी या वर्षी मी ऑपरेशन करून घेतलं. डावीकडे इम्प्लांट बसवलं, उजवी थोडी उचलून घेतली. घरात दोघांनाच माहीत होतं, नवऱ्याला आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या थोरल्या जाऊबाईंना. गिऱ्हाइकांना सांगितलं, पाठ धरलीय.

घरी सोडताना दवाखान्यातून एक कागद मिळाला आणि एक घट्ट, जाड ब्रा. पुढून हुक, बाजूला रुंद पट्ट्या. दिवसरात्र घालायची, दाब राहिला पाहिजे, असं नर्सने बजावलं. कागदावर लिहिलं होतं, "सूज येणे स्वाभाविक आहे. एका बाजूची सूज दुसरीपेक्षा थोडी जास्त असू शकते." आणि त्याच्याच खाली, "एकच बाजू जास्त वाढल्यास, टणक किंवा गरम लागल्यास त्वरित कळवावे."

आता सांगा, थोडी जास्त म्हणजे काय आणि जास्त म्हणजे काय? मी गिऱ्हाइकाला "बाही थोडी लांब ठेवते" म्हटलं तर ती विचारते, किती बोटं. शिकलेली माणसं एवढा छापील कागद देतात आणि त्यात एक आकडा नाही. मी तो कागद इतक्या वेळा वाचला की घडीवर फाटला.

पहिले दोन दिवस दोन्ही बाजू फुगलेल्या, निळ्या-पिवळ्या आणि जवळजवळ सारख्या. मी आरशात बघून रडले. दुखत होतं म्हणून नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या अंगावरचा गाऊन मधोमध सरळ पडला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ब्रा डावीकडे काचायला लागली. बगलेखालची शिवण अशी रुतली की श्वास घेताना डोळ्यांत पाणी यायचं. मी ती काढली, उलटी केली आणि शिवण तपासली. कारखान्यातलं काम, पण बरं होतं. आत चांगली इंचभर माया सोडलेली, म्हणजे शिवणीच्या पलीकडचं जास्तीचं कापड. एवढी माया असताना बाईने का सोसायचं? मी ब्लेडने डावीकडची टीप उसवली, अर्धा इंच सोडलं, हाताने बारीक उलटी टीप घातली. दहा मिनिटांचं काम. घातली तर काय सुख! मला माझंच कौतुक वाटलं.

चौथ्या दिवशी मनात पाल चुकचुकली म्हणून दवाखान्यात फोन केला. नर्स बाईंनी विचारलं, "ताप आहे का?"

"नाही."

"ब्रा कुठे घट्ट होतेय का? एका बाजूला जास्त?"

"नाही हो. अगदी बरोबर बसतेय."

"मग चांगलंय. काळजी करू नका."

मी खोटं बोलले नाही. खरंच बरोबर बसत होती.

पाचव्या दिवशी ती पुन्हा काचली. मी पुन्हा पाव इंच सोडलं. या वेळी मन थोडं कचरलं, पण हात थांबले नाहीत. हातांना सवय आहे. कपडा लागला की सोडायचा, सैल झाला की आवळायचा, त्यात विचार कसला करायचा? दुपारी टेप घेऊन बसले. छातीच्या मधून बगलेपर्यंत दोन्ही बाजू मापल्या. डावी सव्वा इंच जास्त.

आणि इथे माझं डोकं चालेनासं झालं. डावी जास्त! आयुष्यभर जी कमी तीच जास्त. भ्यावं की आनंद मानावा, मला खरंच कळेना. सूज उतरेल तेव्हा ती उजवीइतकी होईल, म्हणजे आत्ता जास्त असणं बरंच, असा एक हिशोब मी मांडला. मग आठवलं की उजवीची सूज तर उतरतेय. निळा डाग पिवळा झालाय, कातडी मऊ पडलीय. डावी मात्र चकचकीत आणि ताठ. पण डावीकडे काम मोठं झालंय, वेळ लागणारच. पण किती वेळ? असं मी तासभर स्वतःशी भांडले आणि दोन्ही बाजूंनी हरले.

संध्याकाळी नवऱ्याला विचारलं, "अहो, बघा ना, डावी जास्त वाटतेय का?"

त्याने दाराच्या चौकटीकडे बघत उत्तर दिलं, "तुला कसं वाटतंय?"

"मला काय वाटतंय ते मला कळत असतं तर तुम्हाला विचारलं असतं का?"

"डॉक्टरांना विचारूया?"

"ते म्हणतात ब्रा घट्ट नसेल तर ठीक आहे."

"मग ठीकच असेल," तो म्हणाला आणि माझ्यासाठी पाणी आणायला गेला. पाणी माझ्या हाताशीच होतं.

सहाव्या दिवशी सकाळी जाऊबाई खाली आल्या. त्या पाळणाघर चालवतात. बारा पोरं एका खोलीत सांभाळणारी बाई, तिच्यापुढे कुणाचं नाटक चालत नाही. माझ्या पाठीला उशी लावता लावता त्यांचा हात डावीकडे लागला आणि त्या थांबल्या.

"अगं, ही गरम आहे."

"गाऊन जाड आहे, वहिनी."

"गाऊन दोन्हीकडे जाड आहे." त्यांनी मनगट आधी उजवीकडे टेकवलं, मग डावीकडे, पोरांचा ताप बघतात तसं. "ऊठ. चपला घाल."

"पण ब्रा बरोबर बसतेय—"

"ब्रा गेली खड्ड्यात. ऊठ म्हणते ना!"

दवाखान्यात डॉक्टरांनी बघितलं, बोटांनी दाबलं आणि विचारलं, "हे कधीपासून?" मला सांगता येईना. रोज थोडं थोडं वाढत होतं, त्यातलं कुठल्या दिवसापासूनचं धरायचं? त्यांनी सोनोग्राफी करायला सांगितली. तेवढ्यात माझी ब्रा उचलून ठेवताना नर्स बाई थबकल्या. त्यांनी ती उलटी केली आणि दिव्याखाली धरली.

"ही शिलाई कोणाची?"

"माझी," मी म्हटलं. आणि लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणीसुद्धा मला अभिमान वाटला. टाके एकसारखे पडले होते.

डॉक्टरांनी ब्रा हातात घेतली. उसवलेल्या जुन्या टिपेची भोकं दिसत होती, त्याच्या पलीकडे अर्ध्या इंचावर माझी पहिली टीप काढल्याची भोकं, आणि त्याच्याही पलीकडे दुसरी टीप. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं.

"पहिली कधी सोडलीत?"

"तिसऱ्या दिवशी. अर्धा इंच."

"आणि ही?"

"काल. पाव."

"आणि परवा फोनवर तुम्ही सांगितलंत की घट्ट होत नाही."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. एखाद्या गिऱ्हाइकाने "मापात बसत नाही" म्हणून कपडा परत आणला तर मी पहिल्यांदा काय बघते? बाई वाढली की कपडा आटला. आणि इथे मी तीन दिवस कपड्यालाच गप्प करत होते.

सोनोग्राफीत डावीकडे पाणी साठलेलं निघालं, त्यात थोडं जुनं रक्त. डॉक्टरांनी जागा बधिर करून सुई घातली. मी छताकडे बघत होते, जाऊबाई माझा अंगठा धरून होत्या. नळीत लालसर पाणी भरत गेलं. संपल्यावर मी विचारलं, "माझ्यामुळे झालं का?"

"तसं मी म्हणणार नाही. कधी कधी पाणी असंही साठतं. पण तीन दिवस आधी कळलं असतं," डॉक्टर म्हणाले. "आता औषधं देतोय. पुन्हा भरलं तर पुन्हा काढू. आत जंतू गेले असले तर मात्र इम्प्लांट काढावं लागेल. आज काही सांगता येत नाही."

"काढलं तर परत..."

"काही महिने तसंच राहावं लागेल. मग बघू."

तसंच. म्हणजे कापसाच्या गादीसकट. घरी जाताना रिक्षात खड्डा आला की जाऊबाई माझ्या पाठीमागे हात घालायच्या.

घरात शिरल्या शिरल्या त्यांनी माझी शिवणाची पेटी उचलली. कात्री, ब्लेड, सुया, सगळं. टेप मात्र मी मागून घेतला. नवरा कामावरून धावत आला होता. या वेळी तो चौकटीकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाला, "मला काल दिसत होतं गं. डावी जास्त होती. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

चौदा वर्षांच्या कोड्याचं उत्तर असं मिळालं. मला त्याचा राग आला आणि त्याच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. टाके होते म्हणून दोन्ही जमलं नाही.

संध्याकाळी सहाला दवाखान्यातून फोन आला. नर्स बाईच होत्या. दुपारी निघताना दवाखान्याने घालून दिलेली नवीन ब्रा सगळीकडून आवळत होती.

"ताप?"

"नाही."

"ब्रा घट्ट होतेय?"

"होतेय."

"दोन्हीकडे सारखी?"

सारखी. हा एक शब्द म्हणायला मी बावीस वर्षं थांबले होते, आणि तो अगदी ओठावर आला होता. जाऊबाई आणि नवरा दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. मी पट्टीखाली एक बोट उजवीकडे सरकवलं. गेलं. मग डावीकडे सरकवलं.

"नाही," मी म्हटलं. "डावीकडे जरा जास्त."

"जरा म्हणजे किती?"

मी टेप उचलला. दोनदा मापलं.

"पाव इंच. दुपारी निघाले तेव्हा नव्हतं."

"बरं झालं सांगितलंत. उद्या सकाळी आठला या, पुन्हा बघू. रात्रीत वाढलं किंवा ताप आला तर लगेच निघा, थांबू नका."

मी फोन ठेवला आणि मोठ्याने रडले. बोट अजून डावीकडच्या शिवणीवरच होतं. आत हाताला भरपूर माया लागत होती.

"वहिनी," मी म्हटलं, "पेटी तुमच्याकडेच राहू दे."