पडद्यावरचं पाणी

वसंतातल्या गेर्ग्योव्देनच्या सणाला शहरभर कोकरं भाजली जात होती, तेव्हा आमच्या जलशुद्धीकरण केंद्रात दोघंच होती: केंद्रप्रमुख ल्युबेन आणि त्याच्या हाताखालची इंजिनियर बॉयका. यंत्रणेत कुणी बाहेरचं शिरलं तर ओळखणारा प्रोग्रॅम बॉयकाने बसवला होता. जेवणाच्या सुमारास त्याने इशारा दिला.

“तुझा हा प्रोग्रॅम मांजर शिंकलं तरी बोंबलतो,” ल्युबेन म्हणाला. “क्लोरीन बघ, व्यवस्थित आहे.”

“काका, कालचेच आकडे त्याच क्रमाने परत येताहेत. आणि क्लोरीनचा पंप दुप्पट वीज खातोय. आपल्याला जुनं चित्र दाखवून आत कुणीतरी वेगळंच करतंय.”

“सणाच्या दिवशी?”

“आज कोण बघणार, म्हणूनच.”

तिने टाकीतून नमुना आणून त्यात क्लोरीन तपासायची गोळी टाकली. फिकट गुलाबी व्हायचं ते पाणी गडद झालं. मग ल्युबेनने वेळ घालवला नाही. पंप बंद केला, शहराकडे जाणारा व्हॉल्व्ह हाताने फिरवला आणि बाहेरून येणारी केबल उपटली.

संध्याकाळपर्यंत नळ कोरडे होते. लोकांनी फोनवर दोघांच्या सात पिढ्या उद्धरल्या. जास्त क्लोरीनचं पाणी मात्र कुणाच्या घरी पोचलं नाही.

शिरणारा कुठून आला, हे बॉयकाला दुसऱ्या दिवशी सापडलं. हिवाळ्यात ल्युबेनची बायको इस्पितळात होती. तिच्या उशाशी बसून पंपांवर नजर ठेवता यावी, म्हणून त्याने यंत्रणेत बाहेरून शिरायला स्वतःसाठी एक चोरवाट उघडली होती. बायको वारली, वाट उघडीच राहिली.

बॉयकाने ते त्याला सांगितलं. सोफियाहून तपासणीची माणसं निघाली होती.

“काय विचार करतेस? सांगून टाक त्यांना,” ल्युबेन म्हणाला.

“नोकरी जाईल, काका.”

“जाईल. पण तू लपवलंस तर पुढच्या वेळी तुझ्या इशाऱ्यावर कोण विश्वास ठेवेल? मी तर कालही ठेवला नव्हता.”

तिने सांगितलं. ल्युबेनला महिन्याभरात घरी बसवलं आणि केंद्र बॉयकाच्या हाती आलं. निरोप समारंभ झाला नाही. शरद ऋतूत ती त्याच्याकडे गेली, तेव्हा तो अंगणात हिवाळ्याच्या साठवणीसाठी ढोबळ्या मिरच्या भाजत होता. केंद्राबद्दल त्याने काही विचारलं नाही. तिच्यासमोर एक पाट सरकवला आणि म्हणाला, “बस, सोलायला लाग.”