कुठेसाहेबांचा साकव

साहेबांना कचेरीत सगळे कुठेसाहेब म्हणत, अर्थात पाठीमागे. समोर कागद आला की ते मान वर करत नसत आणि वाचत तर मुळीच नसत. नुसतं विचारत, "कुठे?" मग टायपिस्टबाईंनी बोट ठेवायचं आणि त्या बोटाशेजारी साहेबांनी सही करायची. एकोणीस वर्षं हे असंच चाललं होतं. या एका शब्दाच्या भांडवलावर हा माणूस चार बढत्या घेऊन खेड्यापाड्यांच्या विकासाचा मोठा अधिकारी झाला होता. कागदी घोडे नाचवणारे जगात पुष्कळ असतात, पण यांचे घोडेसुद्धा बाईंनीच नाचवायचे. साहेब फक्त लगाम धरून फोटो काढून घ्यायचे.

आता निवृत्तीला आठ दिवस उरले होते आणि साहेबांना गौरवपुस्तिका हवी होती. कारकिर्दीतली अकरा मोठी कामं आणि प्रत्येक कामापाशी उभे साहेब.

"साकवावर कठड्याला हात टेकून उभा राहीन," ते म्हणाले. "साधा माणूस वाटतो."

यादी बाईंनी केली. ओढ्यावरचा तो साकव त्यांनी मुद्दाम पहिल्या नंबरावर टाकला. कारण तो साकव नव्हताच. नऊ वर्षांपूर्वी वर्षअखेरीला कामांची संख्या कमी पडत होती, तेव्हा एकही दगड न बसलेल्या त्या छोट्या पुलाचा पूर्णत्वाचा दाखला साहेबांनी काढायला लावला होता. दाखला टाइप केला बाईंनी आणि बोटही ठेवलं बाईंनीच. ओढ्यापलीकडच्या वस्तीत त्यांची सख्खी धाकटी बहीण नर्स होती.

कागदावर पूर्ण झालेलं काम पुन्हा मंजूर होत नाही, असा नियम. ज्याने दाखला दिला त्यानेच तो मागे घेतला, तरच फाइल उघडते. वस्तीचे सहा अर्ज 'काम पूर्ण' असा शेरा लागून परत गेले होते. नवा साहेब आला की म्हणणार, हे माझ्या काळातलं नाही. मागच्या पावसाळ्यात एका बाळंतिणीकडे जाताना बहीण ओंडक्यावरून घसरली, हात मोडला आणि वाकडाच जुळला. पुढच्या वेळी हातावर निभावेलच असं नव्हतं.

बाईंना वाटत होतं, साहेबांना एकदा तिथे नेऊन उभं करावं. डोळ्यांनी पाहिलं की माणूस शरमेल. एकोणीस वर्षं त्या टेबलाशेजारी काढूनही बाईंना एवढी अक्कल आली नव्हती.

जीप ओढ्याच्या काठावर थांबली.

"थांबलास कशाला?" साहेब ड्रायव्हरवर खेकसले. "साकवावर घे."

ड्रायव्हरने बाईंकडे पाहिलं. "साहेब, पुढे पाणी आहे."

"अरे, साकव पाण्यावरच असतो! घे पुढे."

ते थट्टा करत नव्हते. नऊ वर्षं प्रत्येक अहवालात, प्रत्येक भाषणात तो साकव येत होता, लांबी-रुंदीसकट, दोन्ही बाजूंच्या कठड्यांसकट. साहेबांचा त्याच्यावर विश्वास बसला होता. थापाड्या माणसाला निदान खरं काय ते माहीत असतं. यांनी तेवढीही तसदी घेतली नव्हती.

शेवटी ते खाली उतरले. ओढ्यावर दोन ओंडके आडवे टाकलेले होते आणि त्यांच्यावरून, गळ्यात औषधांची पिशवी अडकवून, बाईंची बहीण तोल सावरत येत होती. साहेबांचा चेहरा पडला. आता शरमतील, बाईंना वाटलं.

"वाहून गेला," साहेब हळहळले. "एवढा देखणा साकव!"

"काय वाहून गेलं?" काठावर पाय टेकत बहिणीने विचारलं.

"साकव हो. आम्ही द्यायचं आणि तुम्ही लोकांनी घालवायचं."

"साहेब, वाहून जायला आधी बांधावा लागतो."

"मी स्वतः बांधलाय!"

"मग मी काय नऊ वर्षं हौसेने पाण्यात पडतेय? हा हात बघा माझा."

"बघा, हाच तो निष्काळजीपणा," साहेब बाईंकडे वळून म्हणाले.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच, फक्त या चोराला चोरी केल्याचं आठवतही नव्हतं. जीपला टेकून त्यांनी तिथल्या तिथे मजकूर सांगितला. सरकारी मालमत्तेची हेळसांड केल्याबद्दल वस्तीला नोटीस. पहिलं नाव या उद्धट नर्सचं. समाधानकारक खुलासा न आल्यास तिला कामावरून कमी करावं. मग कठडा नाही म्हणून एका झाडाला हात टेकून त्यांनी फोटो काढून घेतला.

बहिणीने बाईंना बाजूला ओढलं. "ताई, तो माणूस तसलाच आहे, त्याचं सोड. दाखला तू टाइप केला होतास ना?"

"नोकरी होती गं माझी."

"माझीही आहे. पण मी तरी पाण्यात उतरते."

परतीच्या वाटेवर साहेब घोरत होते. त्या उघड्या तोंडाकडे बघत बाई बसून राहिल्या.

कचेरीत आल्यावर त्यांनी कागद चढवला आणि चारच ओळी टाइप केल्या. हा साकव कधीही बांधला गेलेला नाही. पूर्णत्वाचा दाखला खोटा होता, तो मी मागे घेत आहे. काम नव्याने मंजूर करावं. चौथी ओळ त्यांनी स्वतःच्या पूर्ण नावाने लिहिली, की खोटा दाखला टाइप केला तो याच बाईंनी आणि त्यांना तेव्हाही सगळं ठाऊक होतं. साहेबांची निवृत्ती लटकणार आणि आपल्यावरही गदा येणार, हे त्यांना पाठ होतं.

साहेब झाडाजवळचा फोटो न्याहाळत होते. कागद समोर सरकला.

"कुठे?"

"इथे, साहेब," बाईंनी बोट ठेवलं.

सही झाली. "ताबडतोब पाठवा," साहेब म्हणाले. "लोकांना धडा मिळायला हवा."

"आत्ता मीच नेऊन देते."

जावक वहीत नंबर घालून बाई तो कागद घेऊन वरिष्ठ कचेरीकडे निघाल्या. नुसतं बोट ठेवायचं होतं, आणि ते नऊ वर्षांपूर्वीही त्यांच्याच हाताला होतं. जिना उतरताना त्यांना साहेबांपेक्षा स्वतःचीच जास्त किळस आली.