एक दिवस आधीची ईद

मी डेगची बोलतेय, पण हळूच. कोंगसीत राहून राहून मोठ्यानं बोलायची सवयच गेली. कोंगसी म्हणजे बांधकामाच्या मागे मजुरांसाठी ठोकलेल्या पत्र्याच्या खोल्या. जोहोर शहराबाहेरच्या अशाच एका खोलीत, तीन विटांच्या चुलीवर माझं बिऱ्हाड आहे. मी जातीची भित्री. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे हसायला नको.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या जावा बेटावरचा. मोडक्या इंजिनाचे तुकडे, खिडकीची जुनी चौकट, कुणाकुणाची फुटकी भांडी, सगळं भट्टीत वितळवलं आणि वाळूच्या साच्यात मला ओतलं. तेव्हा जी थरथरले ती आजतागायत थरथरतेच आहे. जरा वाफ धरली की माझं झाकण खडखडतं. लोक म्हणतात, झाकण सैल आहे. सैल नाही हो, ती भीती आहे!

वार्सितीच्या आईनं मला बाजारातून घासाघीस करून घेतलं. वार्सितीचा नवरा दुसरा संसार थाटून बसला, म्हणून मग पोटासाठी वार्सितीनं परदेश धरला. तिची वेनिंग तेव्हा जेमतेम दोन वर्षांची. निघताना आईनं मला गाठोड्यात बांधलं आणि म्हणाली, "परक्याच्या भांड्यात शिजवलेलं तुला गोड लागायचं नाही." वेनिंग आजीच्या कडेवर होती. आपली आई कुठं चाललीय हे तिला कळलंच नाही. ती हसत होती.

पहिल्या घरी वार्सिती धुणीभांडी करायची. मालकानं तिचा पासपोर्ट कपाटात ठेवला आणि किल्ली आपल्या खिशात. पगार मागितला की "उद्या". असे उद्या मोजता मोजता वर्ष सरलं. एके दिवशी तिनं मला उचललं आणि चालू पडली. पासपोर्ट कपाटातच राहिला. तेव्हापासून तिला नाव आहे, पण कागद नाही. आणि कागद नसलेल्या माणसाच्या घरातली डेगची होणं म्हणजे काय, ते मलाच विचारा. गाडीचं दार वाजलं की माझं झाकण खडखडतं. कुत्रं भुंकलं की पुन्हा खडखड.

कोंगसीत तिला दोन जिवाभावाची माणसं भेटली. एक रुक्मी, तिच्याच बरोबरीची, टाइल्स उचलणारी, तोंडानं फटकळ. दुसरा दारमान, वयानं मोठा गवंडी. त्याला दोघी 'कांग' म्हणायच्या, म्हणजे आपला दादा. एकट्या दारमानकडे कागद होते. त्याची बायको-मुलं तिकडे जावातच, मादियूनला. तिघांपैकी कुणाचंच घर जवळ नाही, म्हणून तिघांनी मिळून माझ्याभोवती घर मांडलं. पोलिसांची धाड पडली की दोघी मागचा सैल पत्रा सरकवून पामच्या बागेत पळायच्या आणि दारमान दारात बसून विडी ओढायचा. मी आपली चुलीवर एकटी. मला कोण नेणार हो, एवढ्या जड बाईला?

यंदाच्या लेबारानची गोष्ट. लेबारान म्हणजे आमच्याकडची रमजान ईद. ईद झाली की चौथ्या दिवशी वार्सिती घरी निघणार होती. एका नावाड्यानं सामुद्रधुनीपलीकडे सोडायचं कबूल केलं होतं. सहा वर्षांनी पोर दिसणार! तेवढे दिवस कुणाच्या नजरेला पडायचं नाही, बस्स. त्या आठवड्यात वार्सिती नळावरसुद्धा तोंड झाकून जायची, आणि मी तर वाफ सोडतानाही दबकत होते.

पण सणाचा घोळ झाला. वार्सितीच्या गावची मशीद गणित मांडून ईदचा दिवस आधीच ठरवते. इथे मात्र चंद्र डोळ्यांनी पाहतात. यंदा गावची ईद इथल्यापेक्षा एक दिवस आधी आली.

"मी गावाबरोबर ईद करणार," वार्सितीनं जाहीर केलं. "माझी वेनिंग नवा झगा घालून जेवायला बसेल, त्याच वेळी मी बसणार."

दारमान वैतागला. "अगं, चंद्र काय तुझ्या बापाचा आहे, आधी तुझ्याच गावात उगवायला? ज्या आभाळाखाली राहतो त्याची ईद आपली. इथं त्या दिवशी रोजा आहे, दिवसा खाताना सापडलं तर दंड होतो."

"तुमच्या आभाळाला चष्मा लागलाय, कांग."

"आणि माझा सण भूक लागेल तेव्हा," रुक्मी मध्येच म्हणाली. "तू शिजव गं, मी आहे खायला. कांगला बसू दे उपाशी."

"बसेन उपाशी," दारमान म्हणाला. "पण बसेन तुमच्याजवळच. ईदला माणसानं एकटं जेवू नये."

आदल्या दुपारी दोघींनी नारळाच्या कोवळ्या पात्यांच्या पिशव्या विणल्या, त्यांत तांदूळ भरले आणि त्या माझ्यात सोडल्या. यालाच केतुपात म्हणतात. पाणी आटलं की ओता, जाळ कमी झाला की लाकूड पुढं सारा, असे तासन् तास शिजवावे लागतात. ओल्या पात्याचा वास सुटला आणि वार्सिती वाकून तो छातीभर घेत राहिली. मग पदरानं, म्हणजे डोक्यावरच्या ओढणीनं, डोळे पुसत म्हणाली, "धूर फार आहे." धूर काही फार नव्हता.

सकाळी दोघींनी खोलीतच नमाज पढली. वार्सितीनं गावी फोन लावला. पलीकडून आईचा आवाज आला, मग भांड्यांचा, पाहुण्यांचा. वेनिंग काही फोनवर येईना. "लाजते," आई म्हणाली. वार्सिती हसली, आणि माझं झाकण उगाचच उघडून पुन्हा लावत राहिली.

आणि मग तिनं ती चूक केली. चूक तरी कशी म्हणू? आमच्या गावी ईदचं पहिलं ताट शेजारी जातं. आतल्या-बाहेरच्या सगळ्या चुका माफ करा असं म्हणत ताट पुढं करायचं, त्याशिवाय घास घशाखाली उतरत नाही. जन्माची सवय! तिनं बशीत दोन केतुपात ठेवले, वर नारळाच्या रसातली कोंबडी वाढली, रुमालानं झाकलं आणि कुंपणापलीकडच्या मकचिक रोबियाकडे गेली. मकचिक म्हणजे इथली मावशी. फार मायाळू बाई. पण त्या दिवशी तिच्या अंगणात तिचा दीर येऊन बसला होता. भर रोजाच्या सकाळी कोंगसीतली बाई जेवणाचं ताट घेऊन आली आणि ईदची माफी मागू लागली, हे त्यानं पाहिलं.

वार्सिती परत आली ती खुशीत. दोघी ताटं घेऊन बसल्या. दारमान शेजारी मांडी घालून बसला, कोरड्या तोंडानं.

"कांग, वास तरी घ्या, वासानं रोजा मोडत नाही," रुक्मी म्हणाली.

"तू जेव मुकाट्यानं. ठसका लागेल."

वार्सितीनं पहिला घास घेतला. "आत्ता तिनंही घेतला असेल," ती म्हणाली. मला तेव्हा वाटलं, असंच सगळं थांबावं.

तेवढ्यात कुंपणाशी मकचिक धापा टाकत आली. "पळा गं पोरींनो! दीर मोटरसायकलवर गेला. रोजा मोडणाऱ्यांना पकडणारी माणसं नाक्यावरच आहेत, त्यांना घेऊन येतोय. ते आधी कागद मागतील."

माझी तर पाचावर धारण बसली. रुक्मीनं पत्रा सरकवला. वार्सिती मात्र जागची हलेना, हातात घास तसाच. "कांग, चौथ्या दिवशी बोट आहे हो माझी," एवढंच ती म्हणाली. दारमाननं तिच्या दंडाला धरून तिला बाहेर ढकललं. पत्रा जागेवर आला, आणि दारात सावली पडली.

टोप्या घातलेली दोन माणसं होती. ओरडली नाहीत, मारलं नाही. शांत माणसांची मला जास्त भीती वाटते. एकानं माझं झाकण उचललं. बाई गं! माझ्या तळाशी पाणी होतं, निखारे अजून विझले नव्हते. मी इतकी थरथरले की आतले केतुपात एकमेकांवर आपटले.

"ही उष्टी ताटं दोन," तो म्हणाला. "जेवत कोण होतं?"

"मीच," दारमान म्हणाला. कागद त्यानं आधीच पुढं केले होते.

"दोन्ही ताटांत?"

"एकात जेवलो. मन भरेना, म्हणून दुसऱ्यात घेतलं."

तो माणूस वाकून त्याच्या तोंडाकडे बघू लागला. "ओठ तर तडकलेत तुझे. जीभ पांढरी आहे. तू रोजा धरलायस, काका. खोटं का बोलतोस? ताट घेऊन बाई आली होती. ती कुठं आहे?"

दुसरा पत्र्यांवर थापा मारत मागच्या भिंतीकडे निघाला होता. अजून दोन पत्रे, की सैल पत्रा. पलीकडे बागेत त्या दोघी चिखलात पालथ्या पडल्या असणार.

दारमाननं माझ्यात हात घातला. उकळत्या पाण्यात, उघडा हात! एक केतुपात काढला, दातांनीच पात्या फाडल्या आणि भाताचा मोठा लचका तोडून तोंडात कोंबला. रोजा मोडेल म्हणून पहाटेपासून थुंकी गिळतानाही विचार करणारा हा माणूस! चावत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते काही भात गरम होता म्हणून नव्हे.

"घ्या," तो भरल्या तोंडानं म्हणाला. "आता तर दिसतंय ना? बाईबिई कुणी नाही. बशी मीच पाठवली होती, रस्त्यानं जाणाऱ्या एका बाईच्या हातून. मला भूक आवरत नाही. चला, कुठं यायचं ते सांगा."

भिंतीकडे गेलेला माणूस थांबला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पहिल्याला सगळं कळलं असावं असं मला वाटतं. त्यानं माझ्यावर झाकण ठेवलं, अगदी नीट, आणि दोघं दारमानला घेऊन गेले.

दोघी अंधार पडायच्या वेळी परत आल्या. मशिदीतून उद्याच्या ईदची हाक येत होती. दारमान नाही हे पाहून वार्सिती चुलीपाशी मटकन बसली. "माझ्या हट्टापायी," ती म्हणत राहिली. रुक्मीनं उष्टी ताटं उचलून घासायला घेतली.

दारमान दुसऱ्या दिवशी दुपारी आला, दंड भरून, हाताला फडकं गुंडाळून. वार्सितीनं त्याच्या पायाला हात लावला तर तो मागं सरला.

"पुरे झालं नाटक. एक रोजा माझ्या डोक्यावर राहिलाय, तो फेडीन. कोंबडी उरलीय का ते सांग."

चौथ्या दिवशी ती गेली. मी गाठोड्याची वाट पाहत होते. पण बोटीत चढताना दोन्ही हात मोकळे लागतात, असं नावाड्यानं बजावलं होतं. तिनं मला राख लावून लख्ख घासलं, रुक्मीच्या चुलीवर ठेवलं आणि मागं न पाहता निघाली. मग जे दिवस गेले ते कुणावर येऊ नयेत. समुद्र खवळलाय असं ऐकलं. एक बोट पकडली असंही ऐकलं. रुक्मी फोन उशाशी घेऊन बसायची, दारमान जेवता जेवता थांबायचा.

काल फोन आला. "पोचले," वार्सिती म्हणाली. रुक्मी रडायलाच लागली. दारमाननं तिच्या हातून फोन घेतला.

"पोर कशी आहे?"

पलीकडून वार्सिती म्हणाली, "कांग, ती मला भिते. आजीच्या मागं लपते. मी हात पुढं केला की किंचाळते. म्हणते, ही बाई कोण, हिला जायला सांगा."

दारमान फोन कानाला तसाच धरून राहिला.

मी आता म्हातारी झालेय, तळाला चीर गेलीय, रुक्मी ती ठोकून ठोकून बुजवते. पुढची ईद मला दिसेल असं वाटत नाही. पण वेनिंग, एवढं ऐक. भीती मला कळते, माझा सगळा जन्म भिण्यातच गेला. पोलिसाला भी, अंधाराला भी, समुद्राला भी. त्या बाईला भिऊ नकोस, बाळा. तुझ्यापर्यंत यायला ती या सगळ्यांना भ्यायली आहे. जा, तिच्याजवळ जाऊन बस.