काटा अडकत नाही

रस्त्याची ताकद मोजायला भरलेला ट्रक, चार माणसं आणि अडवून धरलेली वाहतूक लागते. ट्रक पुढे सरकला की चाकाखाली दबलेला रस्ता केसभर वर येतो आणि एका लांब दांड्यावर बसवलेला काटा तो केस मोजतो. सव्वीस वर्षं हा काटा वाचणाऱ्या माणसाला खात्यात सगळे काटेकाका म्हणत.

यंदा खर्च कमी करायचं ठरलं. नव्या इंजिनिअरबाईंनी कचऱ्याच्या गाडीखाली एक यंत्र बसवलं. गाडी रोज फिरतेच, फिरता फिरता रस्ताही मोजेल. दहा ठिकाणी यंत्राचे आकडे काट्याशी जुळले, की काटेकाकांची रवानगी दोन तासांवरच्या गोदामात.

"आज तोंड उघडू नका," बायकोने सकाळीच बजावलं. "नाही जुळले तर नाही जुळले. तुमचं काय जातंय?"

आकडे जुळले नाहीत. यंत्राच्या मते रस्ता सुरुवातीला पोलादाचा होता आणि शेवटी लोण्याचा. काट्याच्या मते सगळीकडे सारखाच. काटेकाकांना कारण तिसऱ्या ठिकाणीच कळलं होतं. ते चष्मा पुसत उभे राहिले.

बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. "काका, यंत्र नवं कोरं आहे. तुमचाच काटा कुठेतरी अडकत असणार."

काटेकाकांनी चष्मा घातला.

"काटा अडकत नाही, मॅडम. ही गाडी निघते तेव्हा रिकामी असते, शेवटी पोचते तेव्हा गच्च भरलेली. आधी गाडीचं वजन बघा, मग रस्त्याला नावं ठेवा."

"गेलात काका," गाडीचा ड्रायव्हर हळूच म्हणाला.

गाडीला वजन दाखवणारा सेन्सर लागला. पुढच्या आठवड्यात दहाच्या दहा आकडे जुळले. बाईंनी अहवालात मोठ्या मनाने लिहिलं, की काटा पूर्णपणे विश्वासार्ह आढळला असून, त्यामुळे त्याची यापुढे गरज नाही.

बदलीचा कागद बायकोने दोनदा वाचला.

"बोललात ना?"

"ती म्हणाली, काटा अडकतो."

"काट्याला म्हणाली ना? तुम्हाला तर नाही?"

काटेकाका गप्प बसले.

"हे असं तिथे बसायचं होतं," ती म्हणाली आणि गोदामाकडे जाणारी पहिली बस किती वाजता सुटते ते तिने विचारलं.